छातीत दुखतंय? मग काय घेतलं तेही सांगा

अमेरिकेतल्या डॅलस शहरात रिचर्ड लँग, डेव्हिड हिलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९८९ साली प्रसिद्ध झाला. छातीत दुखतं म्हणून अँजिओग्राफीसाठी आलेल्या रुग्णांपैकी काहींच्या नाकात त्यांनी कोकेन सोडलं. ऐकून धक्का बसेल, पण नाक बधिर करण्यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर कोकेन वापरत आले आहेत, आणि इथला डोसही तेवढाच होता. काही मिनिटांत नाडी आणि रक्तदाब वाढला. म्हणजे हृदयाचं काम वाढलं, त्याला जास्त रक्त हवं होतं. नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास ८ ते १२ टक्क्यांनी कमी झाला आणि रक्तपुरवठा घटला.

हे घडतं कसं? आपल्या मज्जातंतूंची टोकं नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन सोडतात आणि काम झालं की परत शोषून घेतात. कोकेन ही परतीची वाट अडवतं. रसायन साचत जातं, हृदय धावू लागतं, धमन्यांच्या भिंती आवळल्या जातात. याशिवाय रक्तातल्या प्लेटलेट्स चिकट होतात आणि गुठळी होण्याची शक्यता वाढते. म्हणून ज्याच्या धमन्यांत चरबीचा एकही थर नाही अशा पंचविशीतल्या मुलालाही हार्ट अटॅक येऊ शकतो. ‘माझं वय काय, मला कसला अटॅक’ हा दिलासा इथे खोटा आहे.

धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या तासात. हार्ट अटॅकमधून वाचलेल्या जवळपास चार हजार अमेरिकी रुग्णांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९९९ साली आला. कोकेन घेतल्यानंतरच्या ६० मिनिटांत अटॅकचा धोका २४ पट होतो असं त्यात दिसलं. नंतर तो झपाट्याने उतरतो, पण संपत नाही. कोकेनचं शरीरात विघटन होऊन तयार होणारे पदार्थ साधारण दीड तासाने धमन्या पुन्हा आवळतात. सोबत सिगारेट असेल तर धमन्या आणखी अरुंद होतात. दारू असेल तर यकृतात कोकाएथिलिन हा नवा पदार्थ बनतो, आणि तो कोकेनपेक्षा जास्त वेळ रक्तात टिकतो. पार्टीत या तिन्ही गोष्टी सहसा एकत्रच असतात.

शिवाय हृदयाचे ठोके पेशींमधल्या ज्या सोडियमच्या वाहिन्यांवर चालतात, त्याही कोकेन अडवतं. जागा बधिर होते ती याच गुणामुळे, आणि हृदयाची लय बिघडू शकते तीही याच गुणामुळे. लेन बायस हा अमेरिकी बास्केटबॉलपटू २२ वर्षांचा होता. १७ जून १९८६ रोजी बोस्टन सेल्टिक्स या संघाने त्याची निवड केली आणि १९ जूनला कोकेनमुळे लय बिघडून तो गेला.

महाराष्ट्रात मात्र कोकेनपेक्षा ‘एमडी’ची, म्हणजे मेफेड्रोनची चिंता मोठी आहे. ते कोकेनच्या मानाने स्वस्त पडतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं, तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यावर छापा टाकून त्याचा प्रचंड साठा पकडला. एमडीवर कोकेनइतका अभ्यास झालेला नाही. पण तेही नॉरॲड्रेनालिनचा पूर आणतं, नाडी आणि रक्तदाब चढवतं, आणि छातीत दुखणं, धडधड या तक्रारी त्यानंतरही येतात. त्याचा अंमल लवकर उतरतो, म्हणून माणूस एका रात्रीत पुन्हा पुन्हा घेतो. पुडीत नक्की काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

असं काही घेतल्यावर छातीत दुखलं, दाटून आलं, दम लागला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, तर झोपून पाहू नका. १०८ला फोन करा. कोकेननंतर छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या १९९४ सालच्या अभ्यासात सुमारे सहा टक्क्यांना खरोखर अटॅक आलेला होता, आणि वरवरच्या लक्षणांवरून ते ओळखता येत नव्हते. तरुणांचा ईसीजीही इथे फसवा ठरू शकतो. ट्रोपोनिनची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची तपासणी करावी लागते, काही तास थांबून पुन्हा करावी लागते.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. मी हे इतक्या कळकळीने लिहितो आहे, कारण त्यावर उपचार बदलतात. नेहमीच्या अटॅकमध्ये बीटा-ब्लॉकर गटातली औषधं बऱ्याचदा दिली जातात. डॅलसच्याच गटाने १९९० साली दाखवलं, की कोकेननंतर प्रोप्रानोलोल हे याच गटातलं औषध दिलं तर धमन्या आणखी आवळतात. या गटातल्या सगळ्याच औषधांबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, पण नशेचा अंमल असताना बहुतेक डॉक्टर ती टाळतात. त्याऐवजी ॲस्पिरिन, नायट्रोग्लिसरीन, आणि आधी लोराझेपामसारखं शांत करणारं औषध देतात. नायट्रोग्लिसरीन किंवा त्याच जातीचं सॉर्बिट्रेट देण्याआधी सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्राच्या जातीची गोळी घेतली होती का, हेही कळायला हवं. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धोकादायक कोसळतो. म्हणूनच घरातल्या आजोबांची बीपीची किंवा हृदयाची गोळी मित्राला परस्पर देऊ नका.

पोलिसांची भीती वाटते हे समजू शकतं. काही रुग्णालयांत पोलिसांकडे नोंद जाते, हेही खरं. पण त्याच एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे. बरोबर आलेल्या मित्रांनीही गप्प राहू नये. रुग्ण शुद्धीत नसेल तर ही माहिती फक्त त्यांच्याकडेच असते.

नऊ ते बारा तास देखरेखीखाली ठेवून सुरक्षित ठरलेल्या रुग्णांना घरी पाठवण्याचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्या महिनाभरात त्यांच्यापैकी हृदयविकाराने कुणीही दगावलं नाही. चौघांना अटॅक आला. ते चौघेही घरी गेल्यावर कोकेन घेत राहिले होते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र हे काम करतं आहे.