ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीतील ड्राइव्हट्रेनचा प्ले

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या जोडांमधल्या मोकळ्या हालचालीला गॅरेजच्या भाषेत ‘प्ले’ म्हणतात. गिअर एकमेकांत अगदी घट्ट बसवले तर तेलाच्या थराला जागा राहत नाही, म्हणून थोडा प्ले मुद्दाम ठेवलेला असतो. तो वाढला की ॲक्सिलरेटरवरून पाय उचलताना किंवा रिव्हर्स टाकताना खालून ‘ठक्’ असा आवाज येतो.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते अशा गाडीत, ही साखळी लांबलचक असते: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी), अनेकदा सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी), पुढचा-मागचा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पुढे-मागे नेणारा लांब दांडा), डाव्या-उजव्या चाकांसाठी दोन डिफरन्शियल, चार एक्सल शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे). प्रत्येक ठिकाणची किंचितशी ढिलाई जमत जाते. आवाज मात्र सगळ्या लोखंडातून पसरतो, त्यामुळे नुसत्या कानावर विसंबून निदान केले तर ते हमखास चुकते.

तपासणी हाताने होते. सेंटर डिफरन्शियलचा लॉक (पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधणारा) काढून गाडी आधी थोडी मागेपुढे ढकलतात. साखळीत पीळ राहिला असेल तर दाते एकाच बाजूला दाबलेले असतात आणि असलेला प्लेही हाताला लागत नाही. मग सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून, इंजिन बंद, गिअर टाकलेला आणि लॉक लावलेला अशा स्थितीत प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवायचा. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी जागची हलत नाही, तर प्ले त्या दोहोंच्या मध्येच. शाफ्ट हलला, पिनियनचा फ्लँज (डिफरन्शियलच्या छोट्या गिअरची, म्हणजे पिनियनची, शाफ्टला जोडलेली तबकडी) हलला नाही, तर क्रॉस (जोडातला अधिक-चिन्हाच्या आकाराचा तुकडा) गेलेला. क्रॉसच्या टोकांवरच्या बेअरिंगच्या कपाभोवती गंजाची तांबूस भुकटी दिसली की शंकाच नको. चारही चाके उचललेली आणि लॉक नसेल, तर पुढचा शाफ्ट फिरवताच मागचा उलटा फिरतो. तो प्ले नव्हे, डिफरन्शियलचे कामच ते. एकच एक्सल, म्हणजे फक्त पुढची किंवा फक्त मागची चाके, उचलून इंजिन मात्र कधीही सुरू करू नये. जमिनीवरची चाके गाडी ओढून नेतात.

फ्लँजच दोन्हीकडे फिरत असेल, तर लगेच क्राऊन-पिनियनकडे (पिनियन आणि तो फिरवतो तो मोठा गिअर, क्राऊन) बोट दाखवले जाते. इथे घाई नडते. फायनल ड्राइव्हचे, म्हणजे याच जोडीचे, प्रमाण ४:१ असेल (शाफ्टच्या चार फेऱ्यांना चाकाची एक), तर दोन्ही एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनमधला (टोकावरच्या, एकमेकांत बसणाऱ्या खाचांमधला) १ अंशाचा प्ले शाफ्टवर ४ अंश होऊन दिसतो. उलट क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असतो. २०० मिलिमीटर व्यासाच्या क्राऊनवर ०.१५ मिलिमीटर धरला, तर पिनियन अर्धा अंशही फिरत नाही. तो दुप्पट झाला तरी १ अंशाच्या आतच. म्हणून शाफ्टवर ठसठशीत हालचाल दिसली की चोर बहुधा चाकाच्या बाजूला सापडतो: हब (चाक बसते तो भाग) फ्लँजच्या स्प्लाइन, सीव्ही जॉइंट (कोनात वाकूनही दांडा फिरवणारा सांधा), नाहीतर डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरमागचे झिजलेले वॉशर. एक्सल शाफ्ट आणि हब यांवर खडूने एकच सलग रेघ ओढून ठेवली, तर ती कुठे तुटते ते डोळ्यांनाच दिसते.

पिनियन फ्लँज वर-खाली हलणे ही वेगळी गोष्ट. फिरण्याचा थोडा प्ले चालतो, हा जराही नाही. बेअरिंग गेलेले असते आणि मागोमाग सीलमधून तेल गळू लागते.

सगळे जोड ठीक निघाले आणि ‘ठक्’ तसाच राहिला, तर इंजिनाचे माउंट (ज्यांवर इंजिन बसवलेले असते ते रबरी आधार) पाहावेत. ऑटोमॅटिक गाडीत एकाने ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्ह-रिव्हर्स करावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून बॉनेटखाली बघावे. रबर फाटले असेल तर इंजिन उसळताना दिसते.