पृथ्वीगोल (घरगुती)

सपाट छापील नकाशावरून दोन्ही टोकांना निमुळत्या कागदी पाकळ्या उतरवून, त्या चेंडूवर चिकटवून केलेली पृथ्वीची प्रतिकृती. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत सहज करता येईल असा हा भूगोलाचा प्रकल्प आहे; साहित्य घरातच सापडते.

गोल पृष्ठभाग ताणल्या-आक्रसल्याशिवाय सपाट होत नाही, हे जर्मन गणितज्ञ गाउसने १८२७ मध्ये सिद्ध केले. म्हणूनच अख्खा नकाशा चेंडूला गुंडाळला की ध्रुवांकडे चुण्या पडतात. पाकळ्यांचा उपाय त्याहून जुना: जर्मन नकाशाकार वाल्डझेम्युलरने १५०७ मध्ये जगाचा नकाशा १२ पाकळ्यांत छापला होता. प्रत्येक पाकळी ३० रेखांशांची.

गोलाचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर परीघ ९४.२ होतो. पाकळीची लांबी ४७.१ आणि विषुववृत्तावरची रुंदी ७.८५ सेंटिमीटर. पुढे रुंदी अक्षांशाच्या कोसाइनप्रमाणे (त्रिकोणमितीतले एक गुणोत्तर) घटते. ६० अंशांवर निम्मी उरते. इथेच घोटाळा होतो. नकाशाच थेट पाकळीच्या आकारात कापला, तर ६० अंशांवरचा निम्मा प्रदेश कात्रीखाली जातो. नकाशा कापू नये. त्यावर १०-१० अंशांच्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीतले चित्र पाकळीतल्या अरुंद चौकटीत उतरवावे. काम चिकाटीचे आहे, पण खरा भूगोल याच कामात कळतो. अक्षांश समान अंतरावर असलेला नकाशा घ्यावा. ध्रुवांकडे अक्षांशांमधले अंतर वाढत जाणारा मर्केटरचा नकाशा नको, त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे दिसते, प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे.

पाकळ्या ग्रिनिचपासून मोजल्या तर ६० ते ९० अंश पूर्व ही पाकळी आपली. बेळगाव (१५°५१′ उ., ७४°३०′ पू.) तिच्या मध्यरेषेपासून जेमतेम सव्वा मिलिमीटरवर, विषुववृत्तापासून ४ सेंटिमीटरांहून किंचित वर येते. कोलकाता काठावर, तर गुवाहाटी शेजारच्या पाकळीत जाते.

फुगा एका टोकाला निमुळता असतो, म्हणून चेंडू बरा. चिकटवायला मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतात, पण ते विषारी असल्याने मोठ्यांनीच घालावे. ओला कागद वाढतो, त्यामुळे खळ पातळ लावून पाकळी विषुववृत्तापासून ध्रुवांकडे दाबत न्यावी. टोके जुळतात तिथे गोल चकती लावावी. खानापूरच्या पावसाळ्यात खळ लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते. दिवाळीनंतरचे दिवस चांगले. आस म्हणून गोलाच्या व्यासाहून लांब तार चालते, फक्त ती उभ्या रेषेशी २३.५ अंश कलती बसवावी.