कर्व्ह ओढण्याआधीचे दोन कर्व्ह

फ्रॅक्टल फ्लेम म्हणजे गणिती सूत्रांनी असंख्य ठिपके टाकून संगणकावर उमटवलेलं, ज्वाळेसारखं चित्र. अपोफिसिससारख्या फ्लेम बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये कर्व्हची खिडकी उघडली की एक चौकोन दिसतो आणि त्यात डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात गेलेली तिरपी रेषा. फोटोशॉप किंवा गिम्प हाताळलेल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. मध्ये धरून वर ओढली की चित्र उजळतं, खाली ओढली की काळवंडतं, एस आकारात वाकवली की कॉन्ट्रास्ट वाढतो. पण फोटोवर हमखास चालणारी ही युक्ती फ्लेमवर केली की धुरकट कडा अचानक कणीदार होतात, नाहीतर मधला गाभा पांढराफटक पडतो. याचं कारण असं की, त्या खिडकीशी पोहोचेपर्यंत चित्र आधीच दोन वक्ररेषांमधून गेलेलं असतं. त्या कुठून आल्या हे पाहायचं तर सुरुवात संगणकाच्या कितीतरी आधी, काचेच्या फोटो प्लेटपासून करावी लागते.

इंग्लंडमधल्या विडनेस या रासायनिक कारखान्यांच्या गावात फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफील्ड हे दोघं अल्कलीच्या कारखान्यात कामाला होते. हर्टर रसायनशास्त्रज्ञ, ड्रिफील्ड इंजिनिअर आणि हौशी फोटोग्राफर. तेव्हा प्लेटला किती वेळ उजेड दाखवायचा हे सगळं अंदाजाचं काम होतं. या दोघांनी मेणबत्तीचा उजेड प्रमाण धरून प्लेटला ठरावीक प्रकाश दिला, डेव्हलप झाल्यावर ती किती काळी झाली ते मोजलं आणि 1890 मध्ये निष्कर्ष छापले. आडव्या अक्षावर प्रकाशाचा लॉगॅरिदम, उभ्या अक्षावर काळेपणा. आलेख आला तो एस आकाराचा: खाली सपाट पायथा, मध्ये सरळ चढ, वर पुन्हा सपाट खांदा. मधला चढ किती तीव्र, म्हणजे गणिताच्या भाषेत त्याचा उतार किती, याला त्यांनी गॅमा हे अक्षर दिलं. आज पडद्यावर आपण एस काढतो तो या आलेखाचाच वंशज, असं म्हणायला माझी काहीच हरकत नाही.

त्या एसला एक आधार मात्र होता. प्लेटसमोर खरोखरचं दृश्य होतं, त्यामुळे 'बरोबर' एक्सपोजर म्हणजे काय याला अर्थ होता. फ्लेमच्या बाबतीत समोर काहीच नसतं. तिथे प्रकाशच नाही, आहेत त्या फक्त मोजदादी.

कसल्या मोजदादी? 1981 मध्ये जॉन हचिन्सन यांनी काही मोजक्या रूपांतरांच्या, म्हणजे बिंदूला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणाऱ्या नियमांच्या, संचातून स्वतःसारखीच दिसणारी आकृती कशी तयार होते याचं गणित मांडलं. मायकेल बार्न्सली यांनी ते लोकांपर्यंत नेलं. त्यांचं नेच्याचं पान प्रसिद्ध आहे: चार रूपांतरं, त्यांतलं एक दर वेळी चिठ्ठी काढल्यासारखं निवडायचं, बिंदू हलवायचा, ठिपका द्यायचा. हजारो ठिपके पडले की पान उमटतं. या पद्धतीत पिक्सेलवर ठिपका एकदा पडला काय किंवा हजारदा पडला काय, ढोबळमानाने तो रंगला एवढंच कळतं.

कार्नेगी मेलन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या स्कॉट ड्रेव्हस यांनी 1992 च्या सुमारास याच पद्धतीत तीन बदल केले आणि फ्रॅक्टल फ्लेम जन्माला आली. पहिला, सरळ रूपांतरांच्या जोडीला पिळणारी, वळवणारी, उलटी करणारी अरेषीय फलनं घातली. हीच आजची 'व्हेरिएशन्स'. दुसरा, रंग ठिपक्याच्या वाटचालीवरून ठरवला. तिसरा बदल आपल्या कामाचा. प्रत्येक पिक्सेलवर किती ठिपके पडले ते मोजून ठेवायचं आणि त्या संख्येच्या लॉगॅरिदमवरून उजळपणा काढायचा.

हा लॉगॅरिदम का लागला ते एका उदाहरणातून दिसतं. गाभ्यातल्या एका पिक्सेलवर 10 लाख ठिपके पडलेत आणि बाहेरच्या पातळ धाग्यातल्या पिक्सेलवर फक्त 10. सरळ प्रमाणात दाखवलं तर दुसरा पहिल्याच्या एक लाखाव्या हिश्शाइतका उजळ, म्हणजे काळाच. लॉग घेतला तर 6 आणि 1. अकरावी-बारावीला लॉग टेबलची पुस्तिका चाळून वैतागलेल्यांना त्या पुस्तिकेचा इतका सुंदर उपयोग कोणी सांगितला नव्हता! रेशमासारखे तलम धागे आणि धगधगता गाभा एकाच चित्रात दिसतात ते यामुळेच. चित्रावरचा पहिला कर्व्ह तो हा, आणि त्याला हात लावायची सोय खिडकीत नसते.

दुसरा कर्व्ह गॅमा. जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबमधला उजेड विद्युतदाबाच्या सरळ प्रमाणात वाढत नसे, तो घातांकाने वाढे. ते भरून काढायला संदेशाला उलटा घातांक द्यावा लागे. लॉग-लॉग आलेखावर तो घातांक म्हणजे रेषेचा उतार, म्हणून हर्टर-ड्रिफील्डचं अक्षर टीव्हीवाल्यांकडे आणि पुढे संगणकाकडे आलं. पडद्यासाठी रूढ आकडा 2.2 च्या आसपास. अपोफिसिस मात्र सुरुवातच 4 पासून करतो. उलटा घातांक एक चतुर्थांश, म्हणजे 1 टक्का उजळ असलेला पिक्सेल जवळजवळ 32 टक्क्यांवर जातो. ही पडद्यासाठीची दुरुस्ती नव्हे, ही सरळसरळ आवड आहे, आणि ते मान्य केलं की बरेच प्रश्न सुटतात.

गॅमाचा एक त्रास ड्रेव्हस यांना जाणवला होता. लाल, हिरवा, निळा यांना स्वतंत्रपणे गॅमा लावला की रंग फिके होतात, कारण कमी असलेला घटक जास्त असलेल्यापेक्षा वेगाने वर येतो. म्हणून 'व्हायब्रन्सी' आली. ती 0 असेल तर घटकांवर स्वतंत्र गॅमा, 1 असेल तर एकूण उजळपणावर गॅमा आणि रंगांचं प्रमाण कायम. कर्व्ह खिडकीत तिन्ही रंगांचे कर्व्ह वेगवेगळे ओढून गढूळ झालेला रंग सावरत बसणाऱ्यांनी आधी हा आकडा पाहावा.

कणीदार कडांचंही उत्तर इथेच आहे. जिथे फक्त 10 ठिपके पडलेत तिथे शेजारच्या पिक्सेलवर 7 किंवा 14 पडलेले असणार. ही नशिबाची चढउतार लॉग आणि गॅमा दोघंही फुगवून दाखवतात. त्यावर आपण खिडकीत सावल्या आणखी वर उचलल्या की दिसतो तो तपशील नसतो, नुसता कणीदारपणा असतो. 2003 मध्ये ड्रेव्हस आणि एरिक रेकेस यांनी लिहिलेल्या निबंधात यावर घनतेनुसार धूसर करण्याची पद्धत सांगितली आहे: ठिपके कमी तिथे जास्त पसरवायचं, दाट तिथे कमी. दुसरा उपाय अर्थातच क्वालिटी वाढवणं, म्हणजे जास्त ठिपके टाकणं, आणि रात्रभर मशीन चालू ठेवणं.

आता खुद्द खिडकी. मार्क टाउनसेंड यांनी ड्रेव्हस यांच्या खुल्या कोडवरून विंडोजसाठी डेल्फी या प्रोग्रामिंग भाषेत अपोफिसिस लिहिला. कर्व्ह त्यात सुरुवातीपासून नव्हते. इतर प्रोग्रामरांनी पुढे वाढवलेल्या 7एक्स मालिकेत ते बऱ्याच उशिरा आले. आणि ते फोटोशॉपसारखे नाहीत. फोटोशॉपमध्ये रेषा तुम्ही ठेवलेल्या बिंदूतून जाते. इथला कर्व्ह बेझिए जातीचा. 1959 च्या सुमारास सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तलझो यांनी आणि पुढच्या दशकात रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी मोटारीच्या बॉडीच्या वळणांसाठी ही पद्धत स्वतंत्रपणे शोधली. सित्रोएनने गुपित राखल्यामुळे नाव बेझिए यांचं झालं. यातले मधले दोन बिंदू रेषेला आपल्याकडे खेचतात, रेषा त्यांच्यातून जात नाही. शिवाय प्रत्येक बिंदूला वजन असतं. वजन वाढवलं की ओढ वाढते. 'बिंदू वर नेला तरी रेषा तिथवर येत का नाही' या तक्रारीचं मूळ ते एवढंच.

फ्लेमची फाइल साध्या मजकुराची असल्याने हे उघड्या डोळ्यांनी तपासता येतं. एक एकत्रित आणि तीन रंगांचे मिळून चार कर्व्ह, प्रत्येकाचे चार बिंदू, प्रत्येक बिंदूचे आडवं स्थान, उभं स्थान आणि वजन असे तीन आकडे: एकूण 48. काहीच बदललं नसेल तर त्यात फक्त 0 आणि 1 दिसतात. ज्या प्रोग्रामला या आकड्यांची ओळ समजत नाही, त्यात तीच फाइल उघडली तर चित्र लॉग आणि गॅमापर्यंतच थांबतं, आणि दुसऱ्याकडून घेतलेली फ्लेम आपल्याकडे निस्तेज दिसली तर आधी ती ओळ शोधावी.