टर्मिनल १ की टर्मिनल २? साताऱ्याहून मुंबई विमानतळावर जाणाऱ्यांसाठी

साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्यांना गाडीचा चालक हमखास विचारतो, ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ दिल्लीला जायचे असेल तर आपण सहज ‘डोमेस्टिक’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो, कारण देशांतर्गत विमाने टर्मिनल १ वरूनही सुटतात आणि टर्मिनल २ वरूनही.

या समजुतीला जुने कारण आहे. १९८०च्या दशकात सहारला आंतरराष्ट्रीय प्रवाशांची वेगळी सोय झाली आणि ‘सांताक्रूझ म्हणजे देशातले, सहार म्हणजे परदेशातले’ हे समीकरण वडीलधाऱ्यांच्या तोंडी पक्के बसले. २०१४ मध्ये सहारला नवे टर्मिनल २ सुरू झाल्यावर मात्र देशांतर्गत उड्डाणेही तेथे आली. परदेशी जाणाऱ्याने टर्मिनल २ गाठायचे, एवढे निश्चित. देशातल्या प्रवाशाने तिकीट पाहिल्याखेरीज काहीही गृहीत धरू नये. कंपनीच्या नावावरूनही उलगडा होईलच असे नाही, कारण इंडिगोची विमाने दोन्हीकडून सुटतात. धावपट्ट्या सामाईक आहेत आणि ‘बीओएम’ हा संकेतही दोन्हींना एकच आहे, त्यामुळे तिकिटावरचा ‘टी’ आणि त्यापुढचा आकडा हाच खरा पुरावा. (तिकिटावर ‘नवी मुंबई’ असेल, तर तो उलव्याचा वेगळाच विमानतळ आहे.)

टर्मिनल १ विलेपार्ल्याजवळ, पश्चिम द्रुतगती महामार्गालगत आहे. टर्मिनल २ अंधेरी पूर्वेच्या बाजूला असून त्याच महामार्गावरून उन्नत मार्गाने तेथे जाता येते. अंतर मोजक्या किलोमीटरांचे असले, तरी मुंबईच्या वाहतुकीत ते कापायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही. सामान घेणारी खिडकी देशांतर्गत उड्डाणासाठी साधारणतः ६० मिनिटे आधी बंद होते, म्हणून अडीचशे किलोमीटर वेळेत येऊनही शेवटच्या टप्प्यात विमान चुकण्याची भीती मला सर्वांत मोठी वाटते. चुकीच्या टर्मिनलवर उतरलात, तर तेथे चौकशीत वेळ न घालवता तत्काळ निघावे. सामान थोडे असेल, तर दोन्ही टर्मिनलना जोडणारी मेट्रो ३ सोयीची आहे; दोन्हींच्या मध्ये सहार रोड हे एकच स्थानक लागते. रात्री उशिरा मात्र मेट्रो बंद असते.

परतीचे विमान जाताना वापरलेल्या टर्मिनलवरच उतरेल असेही नाही. घ्यायला येणाऱ्या घरच्यांना तो आकडा आदल्या दिवशीच कळवावा.