पायी पाहायचं पुणं : फेरीला येण्याआधी एवढं वाचा

पुणं पाहायला आलेली मंडळी बहुतेक शनिवारवाड्यापासून सुरुवात करतात. आमची फेरी तिथून सुरू होत नाही. वाड्याचा पाया घातला गेला १७३० साली. त्याच्या जवळपास शंभर वर्षं आधी जिजाऊ आणि बाल शिवाजी महाराज इथे राहायला आले, तेव्हा पुणं म्हणजे मुठेकाठचा कसबा. म्हणून आपण सकाळी सात वाजता ग्रामदैवत कसबा गणपतीपाशी भेटतो आणि पेशव्यांकडे नंतर जातो. आधी गाव, मग वाडा. या क्रमानेच पेठा कशा वाढत गेल्या ते नीट कळतं, असं आमचं ठाम मत आहे.

कसब्यात सर्वात जास्त वेळ आपण तांबट आळीत घालवतो. आळी जवळ आल्याचं आधी कानांना समजतं. तांब्याचं भांडं लोखंडी दांड्यावर उपडं धरून कारागीर त्यावर हातोडीने ओळीने ठोके घालत जातो. याला मठारकाम म्हणतात. ते नक्षीसारखं दिसतं, पण केवळ शोभेचं नाही. तापवून मऊ झालेला पत्रा ठोक्यांनी कठीण होतो, म्हणून मठारलेल्या भांड्याला सहज पोचे पडत नाहीत. एक ठोका दुसऱ्याला जेमतेम टेकला पाहिजे, रांग वाकता कामा नये, आणि हे सगळं नजरेच्या अंदाजाने चालतं. पाच मिनिटं गप्प उभे राहून बघा. ही त्यांची कामाची जागा आहे, त्यामुळे फोटो विचारून काढायचे. खरेदीची सक्ती नाही आणि आम्ही कोणत्याही दुकानाकडून कमिशन घेत नाही. आवडलं तर थेट कारागिराकडून घ्या. किमतीत घासाघीस मात्र करू नका, ही आमची मनापासून विनंती.

तिथून लाल महाल. आजची इमारत महापालिकेने १९८०च्या दशकात उभारलेली आहे, हे आम्ही दारातच सांगतो. १६६३ साली महाराजांनी शाइस्तेखानावर छापा घातला तो मूळ महाल आता उरलेला नाही.

शनिवारवाडा आपण मुख्यतः बाहेरून पाहतो. उत्तरेकडचा दिल्ली दरवाजा, हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या फळ्यांवर ठोकलेले अणकुचीदार खिळे, वरचा लाकडी नगारखाना. आतले महाल १८२८च्या आगीत गेले. राहिली ती जोती. आत जायचं असेल त्यांनी फेरी संपल्यावर निवांत जावं. ते तिकीट आमच्या दरात धरलेलं नाही.

वाड्यापुढचा रस्ता पाण्याच्या गोष्टीचा आहे आणि आमच्या मते फेरीतला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून जमिनीखालच्या नळाने शहरात पाणी आणलं गेलं. पंप नाही, नुसता उतार. नळात हवा कोंडू नये म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवलेले. हे पाणी पेठापेठांतल्या हौदांत पडायचं. पण हौद गावात असला तरी प्रत्येकाला तिथे घागर बुडवता येत नव्हती. फरासखान्याजवळच्या बाहुलीच्या हौदापाशी आपण यासाठीच थांबतो. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलीच्या स्मरणार्थ तो बांधला आणि सर्व जातींसाठी खुला ठेवला. शेजारून रोज हजारो माणसं जातात, थांबून पाहणारं क्वचित कोणी दिसतं.

चार पावलांवर भिडे वाड्याची जागा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला, त्यामुळे जुनी वास्तू बघायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. सांगण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

शेवट मंडईत. अष्टकोनी मनोऱ्याची ही इमारत १८८६ साली रे मार्केट म्हणून उघडली. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीरावांनी तिच्यावरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असं त्यांचं म्हणणं होतं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. इथे फेरी संपते, आणि भाजी घेऊन घरी जाणारे पाहुणेही आमच्याकडे पुष्कळ येतात.

सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती या वाटेवर येत नाही. काळ्या दगडातलं ते कोरीवकाम घाईत उरकणं आम्हाला पटत नाही, म्हणून त्याची फेरी वेगळी ठेवली आहे.

आता सोयीचं. चालणं फार नाही, पण साधारण तीन तास पायांवर राहावं लागतं आणि फूटपाथ सगळीकडे धड नाहीत. सवयीच्या चपला किंवा बूट घाला. देवळात काढावे लागतात. पाण्याची बाटली, टोपी जवळ असू द्या. गाडी आणू नका, पेठांत लावायला जागा मिळत नाही. मेट्रोचं कसबा पेठ स्थानक जवळ आहे आणि परतताना मंडई स्थानक सोयीचं पडतं. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी नोंदणी करतानाच सांगावं. त्यांच्यासाठी आम्ही टप्पे कमी करतो आणि बसायच्या जागा आधी हेरून ठेवतो. एका फेरीत बाराच जण घेतो, कारण गल्लीत त्याहून जास्त माणसं उभी राहिली की रहिवाशांची वाट अडते.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत फेऱ्या बंद असतात. पावसाळ्यात रिमझिम असेल तर छत्री घेऊन निघतो. जोराचा पाऊस लागला तर आदल्या रात्री किंवा पहाटे फोन करून कळवतो, आणि तुम्हाला दुसरी तारीख किंवा पूर्ण पैसे परत, जे हवं ते मिळतं.