हिमोफिलिया आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया : पार्श्वभूमी

1840 साली लंडनमध्ये सॅम्युअल लेन या शल्यविशारदाने एका 11 वर्षांच्या मुलाच्या तिरळ्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली. छेद लहानसाच होता, पण मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, असल्याने रक्त थांबेना. अखेर एका धडधाकट तरुण स्त्रीचे रक्त त्याच्या शिरेत सोडले, तेव्हा कुठे तो वाचला. पुढील शंभर वर्षे हिमोफिलियाच्या रुग्णाला शक्यतो सुरी लावायची नाही, असाच शिरस्ता राहिला.

रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया या काळात वेगळ्याच वाटेने वाढत होती. अलेक्सिस कॅरेल यांनी 1902 मध्ये रक्तवाहिन्यांची टोके बारीक टाक्यांनी जोडण्याची पद्धत मांडली, परंतु धमनी चिमट्याने बंद केली की आतले रक्त गोठत असे. ती अडचण 1916 मध्ये सापडलेल्या आणि 1930 च्या दशकात रुग्णांना देता येऊ लागलेल्या हेपारिनने दूर केली. म्हणजे गोठण रोखणारे औषध हाच या शस्त्रक्रियेचा पाया ठरला, आणि हिमोफिलियाच्या रुग्णाचे रक्त तर आधीच नीट गोठत नाही.

ही कोंडी फोडली ती प्रयोगशाळेने. 1964 मध्ये स्टॅनफर्डच्या ज्युडिथ ग्रॅहॅम पूल यांनी दाखवून दिले की, गोठवलेला प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) थंडीतच सावकाश वितळू दिला, तर तळाशी जो पांढुरका साका राहतो, त्यात फॅक्टर आठ, म्हणजे रक्त गोठवणारे एक प्रथिन, एकवटलेले असते. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत मोलाचा शोध हाच, कारण साधी रक्तपेढीही हा साका, म्हणजेच ‘क्रायो’, तयार करू शकत होती. त्यानंतर फॅक्टरची पावडर आली. तिच्यातून 1980 च्या सुमारास असंख्य रुग्णांना एचआयव्हीची बाधा झाली, ही जखम हिमोफिलिया कुटुंबे अजून विसरलेली नाहीत.

आजचा हिशेब असा आहे : शरीराच्या दर किलोमागे फॅक्टर आठचे एक युनिट दिले, की रक्तातील पातळी सुमारे 2 टक्क्यांनी वाढते, म्हणून तीव्र हिमोफिलिया ए (फॅक्टर आठच्या कमतरतेचा प्रकार) असलेल्या 50 किलोच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी पातळी 100 टक्क्यांच्या आसपास नेण्यासाठी साधारण 2500 युनिट लागतात. ही पातळी सुमारे 12 तासांत निम्म्यावर येते, त्यामुळे पुढचे डोस घड्याळ लावूनच द्यावे लागतात. पातळी गाठली, की चिमटा लावण्यापूर्वीचे हेपारिन इतर रुग्णांप्रमाणे देता येते. फॅक्टरला मारक प्रतिद्रव्ये असतील, तर मात्र हा हिशेब कोलमडतो. त्यासाठी 1988 मध्ये स्वीडनमध्ये उला हेडनर यांनी जनुकीय तंत्राने बनवलेला सक्रिय फॅक्टर सात (रक्त गोठवणारे दुसरे एक प्रथिन) प्रथमच एका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत वापरला.

या विषयाची निकड अलीकडे वाढली, कारण हे रुग्ण आता म्हातारे होतात. स्वीडनमध्ये तीव्र हिमोफिलियाचे आयुर्मान एकेकाळी अवघे सुमारे 11 वर्षे होते, 1961 ते 1980 या काळात ते 57 च्या आसपास पोहोचले. म्हातारपणाबरोबर धमन्यांचे काठिण्यही आले. अँजिओप्लास्टीनंतर गुठळीरोधक गोळ्या किती काळ द्यायच्या, हा प्रश्न पूर्वी कोणाला पडतच नव्हता. आज तो शल्यविशारद आणि रक्तविकारतज्ज्ञ यांना प्रत्येक रुग्णासाठी एकत्र बसून सोडवावा लागतो.