क्रोक-मस्यू आणि क्रोक-मादाम: एका अंड्याने काय काय बदलतं

पॅरिसमधल्या साध्याशा कॅफेचं मेन्यूकार्ड उघडलं की ही दोन नावं बहुतेक वेळा एकाखाली एक दिसतात. क्रोक-मस्यू आणि क्रोक-मादाम. दोन्ही हॅम आणि चीजची, ओव्हनमधून काढलेली गरम सँडविचं. मादाम थोडी महाग. फरक काय म्हणून विचारलंत तर उत्तर ठरलेलं: मादामवर अंडं असतं.

उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्यावर विसंबून घरी करायला गेलं की फजिती होते. माझी पहिली मादाम ओट्यावरून टेबलापर्यंत येईस्तोवर अंडं घसरून ताटात पडलं, बलक फुटला आणि खालचा ब्रेड भिजलेल्या खारीसारखा बसला. अंडं छान जमलं होतं. चूक एवढीच, की खालचा मस्यू मी अगदी मस्यूसारखा केला होता.

आधी नावाचं पाहू. 'क्रोके' म्हणजे कुरकुरीत काहीतरी दातांनी मोडून खाणं आणि 'मस्यू' म्हणजे साहेब. लिहिताना मस्यूमध्ये एन आणि आर दोन्ही असतात, बोलताना दोघंही गायब. मादामच्या डोक्यावरचं अंडं बाईंच्या हॅटसारखं दिसतं म्हणून ती मादाम, असं सांगतात. गंमत म्हणजे फ्रेंचमध्ये या पदार्थांची दोन्ही नावं पुल्लिंगी आहेत, क्रोक-मादामसुद्धा. आपली जीभ मात्र 'ती मादाम' म्हटल्याशिवाय वळत नाही, तेव्हा इथे तसंच चालू दे.

दोघांत मस्यू थोरला. फ्रेंच लेखक मार्सेल प्रूस्तच्या १९१९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, समुद्रकाठच्या गावी, एक बाई निवेदकाला आणि त्याच्या आजीला सांगतात, की हॉटेलात तुमच्यासाठी क्रोक-मस्यू आणि सायीतली अंडी मागवली आहेत. म्हणजे अंडी आहेत, पण वेगळ्या बशीत. ती मस्यूच्या डोक्यावर चढली नंतर.

आता मस्यू. ब्रेड 'पँ द मी', म्हणजे मऊ, चौकोनी, पातळ कडेचा पाव. आपल्याकडचा साधा सँडविच ब्रेड चालतो, फक्त गोडसर नको. हॅम 'जाँबाँ द पारी'. हे मिठाच्या पाण्यात मुरवून शिजवलेलं असतं, धुरी न दिलेलं, फिकट गुलाबी. धुरी दिलेलं हॅम घातलं की बाकी कशाची चव लागत नाही. कोल्ड स्टोरेजवाल्याकडे 'कुक्ड हॅम' मागा आणि धुरीचं नको म्हणून स्पष्ट सांगा. चीज ग्रुयेर, एमाँताल किंवा कोंते. नेहमीचं प्रोसेस्ड चीज वितळतं, पण त्याला तसा खरपूस डाग पडत नाही आणि तो खमंगपणाही येत नाही. परवडत असेल तर निदान वरच्या थरापुरतं तरी ग्रुयेर आणा.

आणि बेशामेल, ज्याला आपण व्हाइट सॉस म्हणतो. दोन सँडविचना २५ ग्रॅम लोणी, २५ ग्रॅम मैदा आणि ३०० मिली दूध. मंद आचेवर लोण्यात मैदा परता. कच्चा वास गेला पाहिजे, पण रंग बदलता कामा नये. मग दूध थोडं थोडं घालत घोटायचं. पिठल्याच्या गुठळ्या मोडायची सवय असलेल्या हाताला यात नवीन काही नाही. शेवटी किसलेलं जायफळ, चिमूटभरच. मीठ घालू नका, हॅम आणि चीज दोन्ही खारट असतात. या सॉसमध्येच चीज वितळवलं तर त्याचं नाव बदलून मोर्ने होतं, आणि काही जण तसंच करतात. मला चीज वेगळं ठेवलेलं आवडतं.

ब्रेड हलका भाजून घ्या. खालच्या स्लाइसला सॉसचा पातळ हात, त्यावर हॅम, किसलेलं चीज, दुसरी स्लाइस. आता वर सढळ हाताने सॉस, अगदी कडेपर्यंत, कारण उघडी राहिलेली कड करपते. त्यावर भरपूर चीज. २०० अंशांवर आठ-दहा मिनिटं आणि शेवटची दोन मिनिटं ग्रिलखाली. या दोन मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही. आधी चीजला बुडबुडे येतात, मग ते फुटतात त्या जागी तपकिरी ठिपके पडतात, आणि ट्रेवर ओघळलेल्या चीजची जाळी होते. त्या जाळीवरून आमच्या घरी भांडणं होतात.

मस्यूचं सगळं वैभव म्हणजे हे वरचं कवच. आणि मादाममध्ये नेमकं त्याच्यावरच आपण अंडं नेऊन ठेवतो.

गोची इथेच आहे. अंड्याखाली कवच झाकलं जातं, वाफेने मऊ पडतं आणि वर बलकाचा ओघ येतो. बलक हा स्वतःच एक सॉस आहे. खाली तितकंच सैल बेशामेल असेल तर दोन पातळ सॉस एकमेकांवर घसरतात, आणि त्यांच्याबरोबर अंडंही. म्हणून मादामचं बेशामेल मी घट्ट करतो, दूध २५० मिलीच, आणि वर त्याचा पातळ थर देतो. चीजचा मोठा वाटा आत, वर नुसता शिडकावा. कुरकुरीतपणा वरून मिळणार नसेल तर खालून मिळाला पाहिजे, म्हणून ब्रेड तव्यावर लोण्यात दोन्ही बाजूंनी चांगला खरपूस भाजून घ्यायचा. ओव्हनमधून काढल्यावर चमच्याच्या पाठीने मध्ये किंचित खळगा केला की अंडं बसतं. हे मला कोणी शिकवलं नाही, तीन अंडी वाया घालवून शिकलो.

अंडं लोण्यात, मंद आचेवर, झाकण न ठेवता. झाकलं की बलकावर पांढरी साय धरते आणि मादामचा चेहराच जातो. सँडविच ग्रिलखाली गेलं की अंडं तव्यावर फोडायचं, म्हणजे दोन्ही एका वेळी तयार होतात. मीठ-मिरी फक्त अंड्यावर. पदार्थावर असं अंडं ठेवलं की फ्रेंच लोक त्याला 'आ शव्हाल' म्हणतात, घोड्यावर स्वार. स्टेकवर ठेवलं तरी हाच शब्द.

वेळेचा हिशोबही दोघांचा निराळा. मस्यू थांबू शकतो. फ्रान्समध्ये बेकरीच्या काचेमागे तो मांडलेला असतो, मागितला की गरम करून देतात. घरी पाहुणे येणार असतील तर आधी रचून ठेवता येतो, छोटे चौकोन कापता येतात. मादाम थांबत नाही. परत गरम केली की बलक घट्ट होतो आणि मग ती उकडलेल्या अंड्याचं सँडविच होऊन बसते. म्हणून ती खायची कॅफेत किंवा ब्रासरीत, म्हणजे तिथल्या साध्या रेस्टॉरंटात, टेबलाशी, काट्या-सुरीने.

फ्रेंच घरांत मस्यूचा आणखी एक साधा अवतार असतो. बेशामेल नाही, फक्त लोणी लावलेला ब्रेड, हॅम आणि चीज, दोन साच्यांमध्ये दाबून कडा मिटवलेला. आपला गॅसवर धरायचा चिमट्याचा टोस्टर आठवा, तोच प्रकार. त्याच्या फुगीर पाठीवर अंडं ठेवून पाहा, राहणार नाही.

अमेरिकेतल्या माँटे क्रिस्टोलाही अंडं असतं म्हणून लोक गोंधळतात. तिथे अख्खं सँडविच फेटलेल्या अंड्यात बुडवून तळतात. ते वेगळं घराणं.

हॅम न खाणाऱ्यांनी मशरूम परतून, पाणी पूर्ण आटवून घालावेत. मस्यूत ते शोभतात. मादाममध्ये मला ते अंड्याखाली बुळबुळीत लागतात.

दोघांनी दोन्ही मागवलं तर खाऊन झाल्यावर ताटांकडे बघा. मस्यूच्या ताटात ब्रेडचे चार तुकडे आणि चीजचा चुरा उरतो. मादामच्या ताटात पिवळे ओघळ, आणि ते पुसून घ्यायला एक कड मुद्दाम मागे ठेवलेली.